जुने बीड : शोभेचे की वस्तीचे?

जुन्या बीडविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. पहिला म्हणतो, या बोळांत आता राहण्यासारखे उरले काय? रुग्णवाहिका आत शिरत नाही, गटारे उघडी, नळाचा भरवसा नाही. तेव्हा पाडा आणि रस्ते रुंद करा. दुसरा सूर अभिमानाचा. त्याला वेशीला रंग हवा, रोषणाई हवी, कंकालेश्वराचे देखणे छायाचित्र हवे. हे दोन पक्ष परस्परांचे विरोधक समजले जातात. आम्हांला मात्र ते सख्खे भाऊ वाटतात. वस्तीचे रूप निराळे आणि वस्तीची सोय निराळी, हे दोघांनीही मनोमन मान्य करून टाकले आहे, आणि आमचे भांडण आहे ते या मान्यतेशी.

शहराच्या दक्षिणेस असलेली खजाना बावडी पाहा. मूर्तझा निजामशहाच्या राजवटीत (1565 ते 1588) बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. भूमिगत वाटेने आलेले पाणी या गोल विहिरीत घ्यायचे आणि भुयारी मार्गांनी सखल भागातील शेतांकडे सोडायचे, अशी तिची रचना. मोट नको, बैल नकोत. पाणी आपल्या उताराने चालते. दुष्काळातही ती आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. आज आपण तिला प्रेक्षणीय स्थळ म्हणतो. पण बांधणाऱ्याने काही प्रेक्षणीय स्थळ बांधले नव्हते; त्याने पाण्याची सोय केली होती. सोय नेटकी झाली, म्हणून ती देखणी झाली.

बावडी वेशीबाहेरची आणि शेतीसाठीची, असा आक्षेप कोणी घेईल. खरे आहे. मग शहराच्या पूर्वभागातील कंकालेश्वर घ्या. ते मंदिर पाण्याच्या कुंडातच उभे आहे. कुंड वगळून ते मंदिर कोणाला दाखवता येईल काय? मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले तेव्हा नहरीही खोदल्या. मराठवाड्याच्या कोरड्या मातीत ज्याला गाव वसवायचे, त्याला आधी पाण्याचा विचार करावा लागे.

आणि आपण बिंदुसरेचे काय केले? एका काठाला जुने गाव, दुसऱ्या काठाला पेठ, मधून ही नदी. जिच्यामुळे गावाला जागा मिळाली, तिच्याकडे आज गावाने पाठ केली आहे. सांडपाणी तिच्यात, केरकचरा तिच्यात, भराव घालून बांधकामेही तिच्याच पात्राकडे सरकणारी. 1989 च्या जुलैत तिला पूर आला. माणसे गेली, संसार वाहून गेले. एवढ्यानेही शहाणपण आले, असे म्हणवत नाही. वर्षातले आठ-दहा महिने तिला गटार म्हणून वागवायचे आणि ती नदीसारखी वागली की नुकसानभरपाईसाठी अर्ज करायचे, हा कोणता न्याय?

माळीवेस, राजुरी वेस, कोतवाली वेस ही नावे पत्त्यांत टिकून आहेत. या भागांतील अरुंद बोळांना आम्ही स्वर्ग म्हणत नाही; तेथील दुर्गंधी आम्हांलाही येते. परंतु त्याच बोळात चैत्र-वैशाखात सावली असते, म्हातारी माणसे ओट्यावर बसतात, पीठगिरणी आणि किराणा पायी गाठता येतात. रुंदीकरणात आधी ओटा जातो, मग सावली, मग म्हातारी माणसे मुलाबरोबर बार्शी नाक्यापलीकडे कोठे तरी, अनोळखी दारांमध्ये, राहावयास जातात. बोळ अरुंद म्हणून मलवाहिनी टाकता येत नाही, हे आम्हांला मुळीच पटत नाही. लहान व्यासाची वाहिनी, लहान रुग्णवाहिका, लहान घंटागाडी यांना कोणी बंदी केली आहे? मोठ्या गाडीसाठी घर पाडण्यापेक्षा लहान गाडी घेणे स्वस्त पडते, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला कळेल.

तेव्हा सुशोभीकरणाची निविदा निघाली की नागरिकांनी दोन गोष्टी लेखी मागाव्यात. माजलगाव धरणाचे पाणी या बोळात कोणत्या वारी आणि किती वेळ येणार? आणि येथील सांडपाणी बिंदुसरेत न सोडता कोठे नेणार? ही उत्तरे हाती येईपर्यंत वेशीला रंग लावू नये.