मोबाईललाही लावा पाणीपाळी!

उजनीचं पाणी आलं आणि सोलापूर जिल्ह्याचं रूप पालटलं. पण पाणी दारात आहे म्हणून ज्यांनी मोजमाप न ठेवता उसाला सोडलं, त्यातल्या कित्येकांच्या जमिनी क्षारपड झाल्या. दोष पाण्याचा नव्हता, पाळी न पाळण्याचा होता. आज पोरांच्या हातातल्या मोबाईलचं नेमकं तेच झालं आहे.

शेतकऱ्याच्या घरी स्मार्टफोन चैनीसाठी आला नाही. ई-पीक पाहणी, सातबारा, कांद्याचा बाजारभाव, हवामानाचा अंदाज सगळं त्यावरच. २०२० साली कोरोनात शाळा बंद पडल्या, फोन पोरांच्या हाती गेला आणि बऱ्याच घरांत तो तिथंच राहिला. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणारा 'असर'चा २०२४ चा अहवाल सांगतो, की १४ ते १६ वयाच्या ५७ टक्के मुलांनी आठवडाभरात अभ्यासासाठी फोन वापरला, तर सोशल मीडियासाठी वापरणारी ७६ टक्के निघाली.

वाड्यावस्त्यांवर फिरताना काय दिसतं? पारावर चार पोरं खेटून बसलेली, पण चौघांच्याही माना खाली. दोस्ती आता ग्रुपवर चालते. कुणी ग्रुपमधून काढून टाकलं की पोराचं जेवणावरचं मन उडतं. निळी खूण दिसली आणि उत्तर आलं नाही, की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पूर्वी शाळेतलं भांडण शाळा सुटली की सुटायचं, संध्याकाळी तीच पोरं एका विहिरीत पोहायची. फोनवरचा टोमणा मात्र पुसला जात नाही, पन्नास जण वाचतात आणि तो अंथरुणापर्यंत पाठ सोडत नाही.

मग फोन काढून घ्यायचा का? माझं स्पष्ट मत आहे, नाही. वस्तीवर राहणाऱ्या नववीतल्या मुलीला शाळा सुटल्यावर मैत्रिणीशी बोलायला दुसरा रस्ता नसतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्काराचे मानकरी ठरले. त्यांनी याच इंटरनेटवरून मुलांची गाठ परदेशातल्या मुलांशी घालून दिली. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. फोटोवरून कुणी धमकावलं, तर 'फोनही जाईल आणि शाळाही सुटेल' या भीतीनं मुलगी घरात तोंड उघडत नाही. आपण बंदी घालतो आणि पोरं लपवायला शिकतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. ऑस्ट्रेलियानं तर १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं उघडू न देण्याचा कायदा केला, तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. यांची तळमळ खरी आहे. पण आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं (ता. कडेगाव) ऑगस्ट २०२२ मध्ये काढलेली वाट मला जास्त पटते. तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद. फक्त पोरांचे नाही, थोरांचेही! त्यातलं मर्म हेच आहे. बाप कट्ट्यावर रील बघत बसला आणि पोराला म्हणाला 'पुस्तक घे', तर पोरगं ऐकेल का? शिवाय सगळ्यांचेच फोन बंद असले, तर ग्रुपवर आपल्याला सोडून काय चाललंय ही धास्तीही राहत नाही.

सरपंच, भाऊसाहेब आणि शेतकरी बंधूंनो, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच. आधी महिला ग्रामसभेत चर्चा होऊ द्या, कारण घरातलं दुखणं त्यांना आधी कळतं. वेळ तुमच्या गावच्या सोयीनं ठरवा. पण नुसती वेळ बंद करून भागणार नाही. त्या दीड तासात तालीम, वाचनालय, शाळेचं मैदान उघडं पाहिजे, तिथं दिवा पाहिजे आणि मुलींनाही तिथं जाता आलं पाहिजे. आणि शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तीन नंबर ठळक रंगवा: सायबर फसवणुकीसाठी १९३०, अडचणीतल्या मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी १४४१६. या कामाला चार डबे रंग पुरे आहे, त्यासाठी निधीची वाट बघू नका.