वाण राखणाऱ्याचा मोबदला

केंद्रीय अर्थसंकल्पात २०२५-२६ साठी देशातील दुसऱ्या जनुकपेढीची घोषणा झाली. तिची क्षमता दहा लाख नमुन्यांची असेल. दिल्लीच्या राष्ट्रीय पेढीत आजच साडेचार लाखांहून अधिक नमुने उणे १८ अंश सेल्सियस तापमानात जतन केलेले आहेत. एवढा ठेवा एकाच ठिकाणी ठेवणे जोखमीचे असल्याने हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. मात्र हे नमुने ज्यांच्या शेतांतून आले, त्या शेतकऱ्यांचे देणे या निर्णयाने फिटत नाही.

ओडिशातील ‘धलपुटिया’ या जुन्या भातवाणाचा प्रवास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. सखल भागातील शेतकरी पुरात तग धरणारा म्हणून तो पेरत असत. त्यातून निवड करून ‘एफआर १३ ए’ हा वाण तयार झाला. सामान्य भात पाण्याखाली गेले की वर येण्याच्या धडपडीत उंच वाढते, साठवलेली शक्ती खर्चून बसते आणि पूर ओसरल्यावर कोसळते. हा वाण मात्र वाढ थांबवून शक्ती राखून ठेवतो. या गुणामागचे ‘सब १ ए’ हे जनुक २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उलगडले आणि २००९ मध्ये ‘स्वर्णा सब-१’ भारतात प्रसारित झाला. सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही तो वाचू शकतो. ओडिशातील एका अभ्यासात तर असे दिसले की, या वाणाचा लाभ अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांना तुलनेने अधिक होतो. कारण पूरप्रवण जमिनी बहुधा त्यांच्याच वाट्याला आलेल्या असतात.

संशोधकांचे श्रेय निर्विवाद आहे. पण संशोधकाच्या हाती येईपर्यंत ‘धलपुटिया’ जिवंत कोणी ठेवला? दमट हवेत घरात साठवलेले भाताचे बी फार काळ उगवणक्षम राहत नाही. वाण टिकवायचा तर तो जवळजवळ दर खरिपात पेरावाच लागतो. म्हणजे कमी उत्पन्न देणाऱ्या पिकासाठी दरवर्षी जमिनीचा एक तुकडा राखून ठेवायचा आणि तोटा स्वतः सोसायचा. देशाच्या अन्नसुरक्षेच्या विम्याचा हप्ता असा एक-दोन एकरांचे धनी भरत आले आहेत.

हा हप्ता चुकला की काय होते, हे मे २००९ मधील ‘आयला’ चक्रीवादळाने सुंदरबनात दाखवून दिले. खारे पाणी शेतांत शिरले आणि सुधारित वाण निरुपयोगी ठरले. खारपड सोसणारे जुने भात बहुतेकांच्या घरातून केव्हाच गेलेले होते. ते बियाणे शोधताना काही जण देबल देव यांच्या ‘व्रीही’ या बीजसंग्रहापर्यंत पोहोचले. देव शेकडो देशी भातवाण दरवर्षी पेरून जिवंत ठेवतात. त्यांच्याकडचे बियाणे उपयोगी पडले. पण एका व्यक्तीच्या संग्रहातून अख्ख्या किनारपट्टीला पुरेल एवढे बियाणे निघणार कसे? शीतगृहातील मूठभर दाण्यांचीही तीच मर्यादा. त्यांतून हेक्टरभर बियाणे तयार व्हायला काही हंगाम लागतात. शिवाय शेतातला वाण बदलत्या हवामानाशी जुळवून घेत राहतो, तर पेढीतला जमा झाला त्या दिवशीच थांबलेला असतो.

२००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात लाभवाटपाची आणि राष्ट्रीय जनुक निधीची तरतूद आहे. वाण जतन करणाऱ्या समुदायांना दहा लाख रुपयांपर्यंतचा पुरस्कारही दिला जातो. पद्म सन्मानांतही कोरापुटच्या कमला पुजारी, अकोल्याच्या राहीबाई पोपेरे, वायनाडचे चेरुवयल रामन यांची नावे आली. या सन्मानांचे मोल कमी लेखू नये. तरीही पुरस्कार मोजक्यांना मिळतो आणि संवर्धनाला मात्र हजारो शेते लागतात. भौगोलिक मानांकनही पुरेसे ठरत नाही. केरळच्या ‘पोक्काली’ भाताला ते मिळालेले आहे, त्यातील क्षारसहिष्णुतेचे गुण जगभरच्या पैदासकारांनी वापरले आहेत आणि तरीही कोळंबीच्या तुलनेत भात परवडत नसल्याने लागवड आक्रसत चालली आहे.

जुन्या वाणांच्या भक्तांनीही थोडा संयम पाळायला हवा. प्रत्येक लाल तांदूळ औषधी नसतो आणि देशाचे पोट आज मुख्यतः सुधारित वाणांवरच भरते. सगळ्या शेतांत देशी वाण आणा, अशी मागणी करण्याचे कारण नाही. प्रत्येक जिल्ह्यात काही एकर क्षेत्र त्यांच्यासाठी राखले जावे आणि राखणाऱ्याला उत्पन्नातील फरक दरवर्षी, हक्काने, एकरी दराने मिळावा. जनुक निधीचा याहून चांगला उपयोग कोणता?

ओडिशाने निदान वाट दाखवली आहे. तेथील भरडधान्य अभियानात ‘कुंद्रा बाटी’सारखे नाचणीचे देशी वाण अधिकृत बियाणे साखळीत आणले गेले आणि नाचणीची हमीभावाने खरेदीही होते. भाताच्या बाबतीत हे अवघड आहे. केंद्राच्या हमीभावात भाताच्या दोनच श्रेणी आहेत, ‘सर्वसाधारण’ आणि ‘अ’. खरेदी केंद्रावर देशी भाताला वेगळी ओळख नाही आणि वेगळा दरही नाही. अंगणवाड्या आणि शालेय पोषण आहारासाठी जिल्ह्यातच अशा भाताची खरेदी करण्याची मुभा राज्यांना दिली, तर त्यासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही.