बैलांचीं शिबिरें व त्यांचा पाठपुरावा

जनावरांच्या आरोग्यासाठीं गांवांत शिबीर भरविणें ही गोष्ट आतां आपल्याकडे नवी राहिलेली नाहीं. मंडप पडतो, पशुवैद्य येतात, कोणाच्या बैलास जंताचें औषध पाजतात, कोणाच्या खांद्यावरील जखम धुऊन मलम लावतात, आणि दुपारीं हार-नारळ होऊन गाडी निघून जाते. मागाहून तपासलेल्या जनावरांचा आंकडा छापून येतो. हा आंकडा खोटा असतो असें आमचें म्हणणें नाहीं. तो कामाच्या आरंभाचा आंकडा आहे, शेवटाचा नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें. आणि आपण तो शेवटाचा समजून स्वस्थ बसतों.

खांदेसुजीचेंच उदाहरण घेऊं. जोडींतील एक बैल उंच व दुसरा ठेंगणा असला, जूं खडबडीत असलें, गाडी पुढच्या बाजूस जड भरली, किंवा पावसाळ्यांत ओल्या मानेवर काम घेतलें, म्हणजे खांदा सुजतो. पशुवैद्य उपचार करतात आणि सांगतात कीं, सूज पुरती उतरेपर्यंत बैल जुंपूं नका, जूं तासून गुळगुळीत करून घ्या व जोडी जमत नसेल तर बदला. या तिन्ही गोष्टींपैकीं एकही पशुवैद्याच्या हातची नाहीं. विश्रांति देणें मालकाच्या हातीं, जूं तासणें सुताराच्या हातीं आणि जोडी बदलणें पैशाच्या हातीं. आठ दिवसांनीं पाऊस उघडतो, वाफसा येतो, कपाशींत तण माजलेलें दिसतें, आणि तोच बैल त्याच जुवाखालीं कोळप्याला जातो. पहिली मऊ सूज पुढें घट्ट गांठ होऊन बसते; मग शस्त्रक्रियेवांचून उपाय राहत नाहीं. औषध वायां गेलें असें लोक म्हणतात; वस्तुतः वायां गेला तो सल्ला, कारण तो पाळला गेला कीं नाहीं हें पाहण्यास कोणी परत आलेंच नाहीं.

लसीकरणाचीही गोष्ट अशीच आहे. लाळ्या-खुरकुतासाठीं केंद्र सरकारनें २०१९ सालीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जनावरांच्या कानांत बारा आंकडी बिल्ले मारले गेले व दर सहा महिन्यांनीं लस टोचण्याचें ठरलें. परंतु ज्या वासरास लस प्रथमच टोचली त्यास सुमारें महिन्याभरानें दुसरी मात्रा लागते, हें किती घरांत लक्षांत राहतें? पहिली मात्रा वाजतगाजत होते, दुसरी राहून जाते, आणि पुढें रोग आला म्हणजे लसीवर खापर फुटतें. २०२२ च्या ऑगस्टमध्यें जळगांव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यांत लंपीचा रोग दिसला व पुढें राज्यभर पसरला, तेव्हां शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस टोचण्याचें काम मोठ्या झपाट्यानें झालें. त्याबद्दल पशुसंवर्धन खात्याची प्रशंसाच केली पाहिजे. दगावलेल्या कामाच्या बैलास सरकारनें २५,००० रुपये साहाय्य दिलें. तेवढ्यांत चांगला बैल येत नाहीं, हें बैलबाजार पाहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. पण जे बैल वांचले त्यांचें काय? लंपींतून उठलेल्या जनावराचे पाय सुजलेले राहतात, गांठी फुटून झालेल्या जखमा सावकाश भरतात. असा बैल पुन्हा केव्हां जुंपावा याचा निर्णय ज्यानें त्यानें आपल्या गरजेवरून केला. बैलाच्या प्रकृतीवरून फार थोड्यांनीं.

याच प्रश्नाचा विचार इतरत्र झालेला आहे. डोरोथी ब्रुक या बाईंनीं १९३४ सालीं कैरो येथें लढाईंतून उरलेल्या म्हाताऱ्या घोड्यांसाठीं रुग्णालय काढलें. त्यांतून वाढलेल्या संस्थेनें पुढें उत्तर प्रदेशांत वीटभट्ट्यांवर व टांग्यांस राबणाऱ्या घोडे, खेचरें व गाढवें यांच्या मालकांचे गट बांधले. नुसते दवाखाने उघडून भागत नाहीं. तेच जनावर तीच जखम घेऊन पुन्हा येतें, हा या कामांतला मोठा धडा होय. म्हणून मालकांनींच एकमेकांचीं जनावरें फिरून पाहावयाचीं, वाईट असेल तेथें लाल, मध्यम असेल तेथें पिवळी व चांगलें असेल तेथें हिरवी खूण करावयाची, कोणी काय व कोणत्या तारखेपर्यंत करावयाचें तें ठरवावयाचें, आणि ठरल्या वेळीं पुन्हा फिरून लाल खूण पालटली कीं नाहीं तें पाहावयाचें, अशी ती रीत आहे. २०११ सालीं ‘शेअरिंग द लोड’ या नांवाच्या पुस्तकांत ती सविस्तर छापली गेली. आमच्या मतें या रीतीचा प्राण दुसऱ्या फेरींत आहे. पहिली फेरी कोणीही काढील.

आपल्या गांवांत यासाठीं फार कांहीं लागत नाहीं. एक जाड पुठ्ठ्याची वही पुरे. बैलाचा बिल्ला-क्रमांक, मालक, तक्रार, सांगितलेला उपाय, तो कोणी करावयाचा, केव्हांपर्यंत, पुन्हा कोणी पाहिलें व काय आढळलें, एवढें प्रत्येक बैलापुढें लिहावें. शेवटचें घर कोरें असेल तोंवर ती नोंद पुरी झाली असें समजूं नये. वही पशुवैद्याकडे देऊं नये. त्याच्याकडे गांवें पुष्कळ व दिवस तेवढेच. आतां १९६२ या क्रमांकावर फोन केला म्हणजे फिरत्या दवाखान्याची गाडीही येते. पण ती गाडी फिरती आहे आणि वही गांवांत राहावयाची आहे. ती एखाद्या वाचत्या-लिहित्या शेतकऱ्याकडे असावी, आणि सोबत गांवचा सुतार असावा. सुताराचें नांव काढल्यावर कित्येक हंसतील. परंतु खांद्याच्या निम्म्या दुखण्यांचें औषध रंध्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

आतां दिवस कोणता? आपल्याकडे अनेक गांवांत अमावास्येस औत जुंपीत नाहींत. बैल त्या दिवशीं दावणीला असतात, मालक घरीं असतो. वही घेऊन फिरण्यास याहून सोयीचा दिवस शोधून सांपडणार नाहीं. पोळाही अमावास्येचाच, आणि त्याच्या आदल्या दिवशीं खांदेमळणी. ज्यानें हळद-लोण्यानें खांदा मळला त्याच्या बोटांस गांठ लागल्यावांचून राहत नाहीं. तपासणीची ही रीत आपल्या वाडवडिलांनीं घालून ठेवली आहे, फक्त तिची नोंद कोणी केली नाहीं. ठरल्या दिवशीं लोक जमत नाहींत, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास आम्ही जालन्याजवळील खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राकडे बोट दाखवितों. तेथें कृषि विज्ञान मंडळाचें मासिक चर्चासत्र वर्षानुवर्षें चालत आलेलें आहे व शेतकरी आपल्या पायांनीं तेथें जातात.

‘कोणी करावयाचें’ या घरांत काय लिहिलें जातें, तिकडे आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण येथें आपला वर्ग गुंतलेला आहे. बहुतेक ठिकाणीं तेथें सालगड्याचें नांव पडतें. बैल त्याच्या हातांत असतो हें खरें. पण पेरणी थांबवून बैल चार दिवस बांधून ठेवण्याचा अधिकार त्याला नसतो. पराणीला आर असूं नये असें १९६५ चे ओढकामाच्या जनावरांचे नियम सांगतात. दिवसांतून नऊ तासांहून अधिक व विसाव्यावांचून पांच तासांहून अधिक काम घेऊं नये, आणि ३७ अंशांहून अधिक उष्मा असेल तेथें दुपारीं बारा ते तीन जुंपूं नये, असेंही तेच नियम सांगतात. आपल्याकडे वैशाखांत उष्मा किती चढतो तें सर्वांस ठाऊक आहे. ही वेळ सालगडी ठरवितो कीं मालक? ज्याच्या हातीं निर्णय आहे त्याचेंच नांव त्या घरांत पडलें पाहिजे, मग तें नांव किती का मोठ्या घराण्याचें असेना.

काम झालें नाहीं तर ‘झालें नाहीं’ असें लिहून भागणार नाहीं. कां झालें नाहीं तेंही लिहावें. चार-सहा महिन्यांचीं पानें एकत्र वाचलीं म्हणजे दिसून येईल कीं, हयगय थोड्या ठिकाणीं आहे. अडचणच पुष्कळ ठिकाणीं आहे. एका जोडीच्या शेतकऱ्याचा एक बैल लंगडला तर त्यानें पेरणी कशानें करावी? त्यास ‘विश्रांति द्या’ असें सांगणें ही चेष्टा होय. अशा वेळीं शेजाऱ्यानें बैल द्यावा, पुढें त्यानें तो फेडावा. सावड व इर्जिक या गोष्टी आपणांस शिकविण्याची गरज नाहीं. वहीचा खरा उपयोग हाच कीं, कोणत्या आठवड्यांत कोणास बैल उसना लागणार हें अगोदर समजतें.

सर्वांत अवघड प्रकरण ऊसतोडणीस जाणाऱ्यांचें. बीडप्रमाणें आपल्याही जिल्ह्यांतून अनेक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास बैलगाड्यांसह साखर कारखान्यांकडे जातात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. सांगली, सोलापूर, सातारा भागांत ‘ॲनिमल राहत’ ही संस्था २००३ पासून बैलांवर उपचार करीत आली आहे. पण तिकडे काय उपचार झाला हें येथें कळत नाहीं, आणि येथें काय सांगितलें होतें हें तिकडे कळत नाहीं. जातांना वहींतील पानाची नक्कल गाडीवानाजवळ द्यावी, त्यावर बिल्ल्याचा क्रमांक असावा, आणि गाडी परत येतांच त्या बैलांची पहिली तपासणी व्हावी. एखादा बैल परत आला नसेल तर विकला कीं मेला, हेंही लिहावें. आज तो नुसताच मोजणींतून नाहींसा होतो.

ट्रॅक्टराच्या दिवसांत ही उठाठेव कशाला, असें कांहीं मोठे शेतकरी म्हणतील. बैल कमी झाले हें आम्हांसही दिसतें. परंतु उभ्या कपाशींत व सोयाबिनांत कोळपणीस अद्याप बहुतेकांस बैलच लागतो, आणि ज्यांनीं आपले विकले ते दुसऱ्याचे भाड्यानें आणतात. थोड्या बैलांवर पुष्कळांचें काम पडत असेल तर त्यांचे खांदे अधिक झिजणार, हा साधा हिशेब आहे. भाड्यानें बैल आणणारानेंही वहींत पाहून आणावा. लाल खुणेचा बैल मागूं नये व मिळाल्यास जुंपूं नये.

शिबीर भरविणाऱ्या मंडळ्यांस आमची एकच सूचना आहे. पुढच्या शिबिराचा आरंभ दीपप्रज्वलनानें न करितां मागच्या शिबिराची यादी उभ्यानें वाचून करावा: किती बैल पाहिले, कितींस उपाय सांगितला, त्यांतील किती पुन्हा पाहिले व किती बरे झाले. ती यादी सांपडत नसेल, तर शिबीर महिनाभर पुढें ढकलावें आणि मंडपाचे पैसे गांवचीं जुवें तासून घेण्याकरितां सुतारास द्यावे.