नाणेघाटात गर्दीला मर्यादा हवी

जुन्नरजवळच्या शिवनेरी किल्ल्याला २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यानंतर जुन्नरकडे वळणाऱ्या पदभ्रमंती करणाऱ्यांच्या संख्येला नाणेघाटात तरी मर्यादा घातलीच पाहिजे, असे या पत्राचे ठाम मत आहे.

कोकणातून जुन्नरकडे येणारी, कातळ फोडून काढलेली ही सातवाहनकालीन व्यापारी वाट स्वतःच वारसा आहे. तिच्या माथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी, म्हणजे अशोकाच्या लेखांतही आढळणाऱ्या प्राचीन लिपीतील लेख असून, त्यातील यज्ञदक्षिणेच्या नोंदींत भारतीय अंकचिन्हांचे फार जुने रूप टिकून आहे. वाटेची निखळलेली पायरी एकवेळ सांधता येईल, झिजलेले अक्षर नाही.

पुरातत्त्व आणि वन या विभागांनी पुढील पावसाळ्यापूर्वी पूर्वनोंदणी सक्तीची करावी आणि नाणेघाटाजवळच्या घाटघर गावच्या तरुणांना प्रशिक्षण देऊन वाटाडे म्हणून नेमावे.