विश्लेषण : एकाच नागपुरात रेल्वेचे दोन विभाग का?

अजनी स्थानक मध्य रेल्वेत, तिचे मुख्यालय मुंबई. काही किलोमीटरवरचे इतवारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत, तिचे मुख्यालय बिलासपूर. शहर एक, पण विभागीय रेल्वे व्यवस्थापक दोन. हे कोडे दीडशे वर्षे जुने आहे.

पश्चिमेकडून कोण आले?
मुंबई-ठाणे मार्गावर १८५३ मध्ये पहिली प्रवासी गाडी चालवणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये भुसावळमार्गे नागपुरात पोहोचली. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात नेणे हा मोठा हेतू होता.

पूर्वेकडून कोण?
१८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने नागपूर-राजनांदगाव मीटरगेज मार्ग ताब्यात घेतला, ब्रॉडगेज केला आणि १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत नेला. त्यामुळे नागपूर दोन कंपन्यांच्या सीमेवर आले.

कंपन्या गेल्या, मग सीमा का राहिली?
पहिली कंपनी १९२५ मध्ये, दुसरी १९४४ मध्ये सरकारकडे आली. १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. पूर्वेचा मार्ग आधी पूर्व, मग दक्षिण पूर्व आणि २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेला. पाट्या बदलल्या, हद्द तीच राहिली.

प्रवाशाला काय?
नागपूरला मुख्यालय असलेल्या स्वतंत्र झोनची मागणी जुनी आहे. झोन होवो न होवो, इतवारीला उतरून अजनीची गाडी गाठणाऱ्याला हद्दीशी देणेघेणे नसते. निदान वेळापत्रक आखताना तरी दोन्ही कार्यालयांनी त्याला एकच प्रवासी मानावे.