रक्तातील दोष आणि दृष्टीतील दोष

मध्य प्रदेशातील शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा आजार नाहीसा करण्याचा संकल्प त्यात आहे. संकल्प शासनाचा असला तरी त्याची सिद्धी समाजाच्या दृष्टीवर अवलंबून आहे.

या आजारात रक्तातील लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना भोगाव्या लागतात. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे अमेरिकेत 'कृष्णवर्णीयांचा रोग' असा शिक्का त्यावर बसला. परंतु ग्रीस व अरबस्तानातही तो आढळला. १९५२ मध्ये निलगिरीच्या जनजातींत त्याची नोंद झाली. मग वर्णाचा संबंध उरला कोठे?

खरा संबंध हिवतापाशी आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा गुण आलेल्या व्यक्तीला घातक हिवतापापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचे थैमान होते, तेथे हा गुण टिकला. आणि आपापल्या समूहातच विवाह होत राहिल्याने तो त्या समूहांत एकवटला. विदर्भ व नंदुरबार परिसरातील गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या जनजातींत, तसेच अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीयांतील काही समाजांत तो आज आढळतो, त्याचे कारण हेच. तो कुणाच्या हीनतेचा पुरावा नाही. पूर्वजांनी एका भीषण साथीशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे.

समूहाचे नाव तपासणी प्रथम कोठे करावी एवढेच सांगते. कोण बाधित आहे, हे केवळ रक्तच सांगते. हा विवेक सुटला की काय घडते, हे अमेरिकेने अनुभवले. १९७० च्या दशकारंभी तेथील काही राज्यांनी कृष्णवर्णीयांवर तपासणीची सक्ती केली. पुरेसे समुपदेशन नव्हते, म्हणून निरोगी वाहकांनाही रुग्ण मानले गेले, त्यांच्या नोकऱ्या आणि विमा धोक्यात आला. तेथील वायुसेना अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते.

आपल्याकडे हीच चूक विवाहाच्या बोलणीत होण्याचा धोका आहे. वाहक मुलीचे स्थळ नाकारले जाईल या भयाने कुटुंब तपासणीच टाळते किंवा अहवाल दडवते. वास्तविक वाहक हा रुग्ण नव्हे. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोघांपैकी एकाचे रक्त निर्दोष असेल, तर अपत्याला हा आजार होत नाही. म्हणून प्रश्न फक्त मुलीला नव्हे, मुलालाही विचारला पाहिजे आणि विवाह ठरण्यापूर्वी विचारला पाहिजे. जे रुग्ण आहेत त्यांच्यासाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे, लसीकरण आहे. वेळीच निदान झाले तर त्यांचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते.

पाड्यापाड्यांवर सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि नगरांतील सुशिक्षित कुटुंबांनी हे सत्य घरोघरी पोहोचविले पाहिजे. रक्ताच्या तपासणीसाठी एक थेंब पुरतो. त्या थेंबावरून माणसाची प्रतवारी न करण्याचा संस्कार मात्र समाजालाच घडवावा लागेल.