दुसऱ्याच्या डब्यातला डायपर



मागच्या आठवड्यात व्याख्यान झाल्यावर स्थानकाच्या पायऱ्यांवर चपला घालत होते. ओळखीच्या एका काकूंनी हसत विचारलं, "काय गं, अजून तुझा शी-शूचाच कारभार चालू आहे का?" मीही हसले. पण घरी पोहोचेपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. खरं सांगू का, माझ्या पाळणाघरातला सगळ्यात अवघड कारभार तोच आहे. मुलांना भरवणं, झोपवणं, खेळवणं आपल्यातल्या बहुतेकींना जमतं. सात मुलांचे डायपर, चड्ड्या, झबली, मोजे ज्याचे त्याला मिळतील असं वर्षभर सांभाळणं मात्र मला पहिली दोन वर्षं जमलं नव्हतं. त्याची किंमत मी नाही, एका सव्वा वर्षाच्या मुलीने दिली.

बिबवेवाडीतल्या आमच्या घराचा हॉल आणि आतली एक खोली, एवढंच माझं पाळणाघर. मदतीला एक मावशी. तेव्हा सगळ्यांचे डायपर मी एकाच कपाटात, पाकिटासकट, एकावर एक रचून ठेवायचे. घाईत हाताला येईल त्या पाकिटातून काढायचं. आज याचा वापरला, उद्या त्याचा, शेवटी हिशेब जुळतोच, असं मला वाटायचं.

त्या मुलीची आई एका कपड्यांच्या दुकानात कामाला होती. ती रोज मोजून दोन डायपर आणायची. एक दिवस मुलीचं पोट बिघडलं आणि दुपारपर्यंत पाच लागले. मावशींनी वरचे तीन दुसऱ्या बाळाच्या पाकिटातून काढले. त्या बाळाची आई मोजणारी होती. त्यात तिचं काही चुकलं नाही, पैसे तिचे होते. संध्याकाळी दारातच ती म्हणाली, "ताई, सोमवारी दहा ठेवले होते, इतक्यात संपले?" आणि मी, चार आयांच्या देखत, पटकन बोलून गेले, "अगं, हिला लागले. ही दोनच आणते ना."

ती मुलीला कडेवर घेऊन तिथेच उभी होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दहाचं नवं पाकीट घेऊन आली, टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे त्यांचे त्यांना द्या." महिना संपला आणि मुलगी यायची बंद झाली. फोन केला तर कळलं की तिला गावाला आजीकडे ठेवलंय. आई पुण्यात, मूल गावाला. इतर कारणंही असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी मी जीभ आवरली असती तर ती मला अडचण सांगायला आली असती, एवढं मला नक्की वाटतं.

आपण रोज प्रतिक्रमणात अदत्तादान हा शब्द म्हणतो. न दिलेलं घेणं. मला तो नेहमी मोठ्या चोरीसाठी आहे असं वाटायचं, वजनात मारणं, खोटी बिलं वगैरे. एका बाळाच्या पाकिटातून न विचारता दुसऱ्यासाठी डायपर काढणं हेही तेच आहे, हे मला त्या वर्षी समजलं. आणि ती चूक माझी असताना तिचा ठपका मी दोन डायपर आणणाऱ्या आईवर ठेवला.

त्यानंतर मी आधी कपाट बदललं. चपलांचा जुना रॅक घासून, रंगवून घेतला. प्रत्येक मुलाला एक कप्पा. पाकीट फोडून डायपर उभे लावायचे, म्हणजे किती उरले ते लांबूनच दिसतं. मावशींना वाचायला कमी येतं, म्हणून नावांऐवजी रंग ठरवले. कप्प्याला जो रंग, त्याच रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके त्या मुलाच्या प्रत्येक कपड्याच्या गळ्यापाशी आतून घालते. शाई धुण्यात जाते, टाका जात नाही. आयांना आधी विचारते. एकीनेही अजून नाही म्हटलेलं नाही, उलट एका आजींनी स्वतःच शिवून पाठवले. रॅक बदलण्याच्या गादीच्या उजव्या हाताला हवा. एक हात बाळाच्या पोटावर आणि दुसऱ्या हाताला सगळं मिळालं पाहिजे. वस्तू आणायला उठलं की मूल पालथं होतं, आणि पालथं झालेलं मूल गादीच्या कडेलाच जातं!

मापाकडेही बघा. मीडियम साधारण ७ ते १२ किलो आणि लार्ज ९ ते १४ किलो असं पाकिटावर लिहिलेलं असतं. मधल्या वजनाच्या मुलाला आई स्वस्तात मिळालेलं लहान माप महिनाभर पुरवते आणि मांडीला वळ उठतात. हे आईला सांगायचं, पण एकटीला, आणि संध्याकाळच्या गर्दीत नाही. कुणाचे किती उरले हेही मी आता रोज दुपारी ज्या त्या आईला वेगळा मेसेज करून कळवते. ग्रुपवर कधीच टाकत नाही.

आणि सगळ्यात खाली एक पांढरा कप्पा आहे, तो घराचा. त्यात दोन्ही मापांचे डायपर माझ्या पैशाने भरलेले असतात. कमी पडले की तिथून घ्यायचे, दुसऱ्या मुलाच्या कप्प्याला हात लावायचा नाही. त्याचा खर्च मी महिन्याच्या फीमध्येच धरलाय, सगळ्यांसाठी सारखा. माझ्यासारखंच घरी पाळणाघर चालवणाऱ्या एका मैत्रिणीला हे पटत नाही. ती म्हणते, आयांना सवय लागेल. लागते एखादीला, नाही असं नाही. वर्षाकाठी दोन-तीन पाकिटं त्यात जातात. तेवढी जाऊ द्यावीत असं माझं मत आहे. मूल ओलं ठेवून आईला शिस्त लावता येत नाही.

जादाच्या कपड्यांवर मात्र मला तुमच्याशीच भांडायचंय. मी पाळणाघर चालवते म्हटल्यावर आपल्यातल्या कितीतरी जणी पिशवी भरून कपडे आणून देतात. भावना चांगली असते. पण पिशवी उघडली की इलास्टिक गेलेल्या चड्ड्या, हळदीचे डाग पडलेली झबली, चेन तुटलेला स्वेटर. बोहारणीनेही परत केलेले कपडे "तुझ्याकडे चालतील" म्हणून येतात. का चालावेत? ते घालून एक मूल संध्याकाळी आपल्या घरी जाणार आहे. सोसायटीच्या फाटकातून, शेजाऱ्यांच्या समोरून. आपल्या मुलाला आपण पाहुण्यांपुढे जे घालू तेच द्यावं, नाहीतर देऊ नये. आणि दिलं तर विसरावं. एक बाई माझ्याकडे आल्यावर एका मुलाच्या अंगावरचा शर्ट बघून त्याच्या आईसमोरच म्हणाल्या, "अय्या, हा आमच्या पिंटूचा!" गुप्तदानाच्या पेटीत पैसे टाकून नंतर कुणी आपली नोट शोधत बसतं का?

उलटही होतं. एक आई दोन वर्षांच्या मुलासाठी नऊ जोड पाठवायची. मी सहा परत पाठवले. दोन जोड, पावसाळ्यात तीन, कारण पुण्यात जुलैमध्ये जाड कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. त्यापुढचं सगळं नुसतं कप्प्यात दाटतं आणि लहान होऊन बाहेर पडतं. अपरिग्रह आपण मोठ्या साड्यांच्या कपाटापाशी आठवतो, तिथे तो जरा जड जातो. मुलांच्या कप्प्यापासून सुरुवात करायला बरी.

आता घाणेरड्या भागाबद्दल, कारण काकूंना हसू त्याचंच आलं होतं. आपल्याकडे मानतात की अशुची पडून राहिली तर ४८ मिनिटांच्या आत त्यात संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात. म्हणजे एका सामायिकाचा वेळ. त्यामुळे माझ्याकडे शीचे कपडे बादलीत भिजत पडत नाहीत. लगेच गार पाण्याने खळबळायचे, साबण लावायचा, पिळून वाळत घालायचे. गरम पाणी आधी घातलं तर डाग बसतो. डायपरमधली शी आधी संडासात टाकायची, मग डायपर गुंडाळायचा. तो वर्तमानपत्रात बांधून वर लाल ठिपका काढते. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताईंनीच ही लाल ठिपक्याची मोहीम चालवली, कारण कचरा त्यांना हातांनी वेगळा करावा लागतो. २०१६ च्या घनकचरा नियमांतही डायपर नीट गुंडाळून द्यावा असं होतंच. आपण मुंगीसाठी पाऊल जपून टाकतो आणि उघडा डायपर ओल्या कचऱ्यात टाकून कुणाच्या तरी हातात देतो, हे मला पटत नाही.

बांधलेला डायपर सकाळपर्यंत पडून राहतोच, म्हणजे जयणा पूर्ण होत नाही. म्हणून ज्या आयांना चालतं त्यांच्या मुलांना जागेपणी सुती लंगोट आणि झोपेपुरता डायपर असं ठेवलंय. धुणं वाढलं, मावशी कुरकुरतात, त्यांचा पगार वाढवला.

सोमवारी नऊ महिन्यांचं एक बाळ नवीन येणार आहे. त्याच्या आईने फोनवर आधी हेच विचारलं, "ताई, रोज किती डायपर आणू?" मी म्हटलं, जमतील तेवढे आण, बाकी इथे आहेत. त्याच्यासाठी पिवळा दोरा काढून ठेवलाय. ती दुकानात काम करणारी आई गेली, त्या मुलीचा कप्पा झालाच नाही. हिरवा रंग मी अजून कुणाला दिलेला नाही.